काचेखालचे निर्माल्य

श्रावण शुद्ध सप्तमी, अमरावती. सायंकाळ.

मन अजून सुन्न आहे. गाडीत डावीकडे, पायांशी पाणी साचत होते. सूनबाई खिडकीची काच उघडी ठेवते, असे मी ठरवूनच टाकले आणि आठ दिवसांपूर्वी पाहुण्यांसमोर तसे बोललोही. तेव्हापासून ती गाडीच्या किल्लीला हात लावत नाही. नांदगाव पेठेला नोकरीवर गाडीने जायची, ती आता बसने जाते.

आज सलीम मिस्त्रीने गाडीच्या पुढच्या काचेखालची जाळी उचलली आणि मला जवळ बोलावले. "पंडितजी, काच बराबर हाय. पावसाचं पानी जायची नळीच बुजली. हे कोन टाकून राह्यलं?"

आत कुजलेला झेंडू, दुर्वा, अक्षता. आणि त्या चिखलात चक्क तुळशीचे रोप उगवलेले. रोज पूजेनंतर गाडीच्या पुढच्या काचेपाशी फुले वाहणारा मीच. निर्माल्य वेळेवर उतरवावे, हे जन्मभर लोकांना सांगणाराही मीच. सलीमने ते सारे कागदात बांधून दिले. "पूजेचं हाय, नालीत कसं टाकू?" ते कोवळे रोप पाहून माझी मान वर होईना.

घरी येताच सूनबाईला म्हणालो, "काच तू लावतच होतीस. दोष माझा."

ती पोळ्या लाटतच बोलली, "मामाजी, तुमी मले तवा विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं. तुमी विचारलंच नाही."

शास्त्रात आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू, ऐकतात, मग निर्णय देतात. तिचा पूर्वपक्ष मी ऐकला होता का? किल्ली तिच्यापुढे ठेवली. किल्ली अजून ओट्यावरच आहे.