‘वेव्हर’वर मारलेली काट

३ फेब्रु. ८६, सोम.
संध्याकाळी रवी आला भांडुपहून. गुरुवारी दुबईला निघतोय, महिनाभर. कंपनीची कूलिंग मशिनं बसवायला. साइट लांब लांब, म्हणून तिथे स्वतःच्या नावावर भाड्याने गाडी घ्यायची. आधी जाऊन आलेल्या एकाने तिथल्या गाडीवाल्यांचा कोरा फॉर्म दिलाय, तो घेऊन आला. “ताई, तू इन्शुरन्समधली. बघ ना.”
मी फायर सेक्शनला, मोटारचं मला काय डोंबल कळतं! पण तसं सांगितलं नाही. एके ठिकाणी ‘डॅमेज वेव्हर’, पुढे दोन चौकोन, हवं की नको. वर रोजचे जादा पैसे. आमच्याकडे पार्टीने वेव्ह केलं म्हणजे हक्क सोडला, फाईल बंद. म्हटलं, आपला हक्क सोडायचा आणि वर पैसे आपणच भरायचे? लुटारू मेले! लाल पेन्सिलने काट मारली. “इथे ‘नको’ म्हणायचं. कितीही गोड बोलू देत.”
रवी खूश. “उंट आडवा आला तर गं?” म्हटलं, उंटाला माझं नाव सांग.

६ फेब्रु.
गेला. तिथे गाड्या उजव्या बाजूने चालतात म्हणे. मंदाचा चेहरा उतरलेला. नणंद असून मीच तिला धीर दिला, सगळं बघून दिलंय म्हणून.

१२ फेब्रु., बुध.
डबा खाताना डिसोझांना ऐटीत सांगितलं. मरीन सेक्शनचे डिसोझा, गोराईचे. त्यांचा भाऊ आखातात असतो. त्यांनी घास खाली ठेवला. “अवो मॅडम, उलटं केलंत. हक्क तुमी नाय सोडत, गाडीवाला सोडते. ते घेतलं की गाडी ठोकली तरी तो तुमच्या मागे येत नाय. नाय घेतलं तर सगळी गाडी तुमच्या बोडक्यावर.”
वर म्हणाले, भरपाई होईपर्यंत माणसाला देश सोडू देत नाहीत.
पुढे डबा गेला नाही. वाट लागली.

१३ फेब्रु.
तार करायला हवी होती. केली नाही. चार शब्दांत काय लिहू, की ताईला अक्कल नाही? आई गेल्यापासून ह्या पोराने मला विचारल्याशिवाय शर्टसुद्धा घेतलेला नाही. उद्या करते.

१५ फेब्रु., शनि.
पोस्टात गेले. तारेचा फॉर्म भरला, फाडला. पुन्हा भरला. शेवटी पत्रच टाकलं, सविस्तर. पत्र पोचायला आठ-दहा दिवस, माहीत असून. लाज वाटते स्वतःची.

२० फेब्रु.
रवीचं पत्र. ८ तारखेचं. ‘गाडी मिळाली, झकास आहे. काउंटरवरच्या माणसाने तीनदा विचारलं, नक्की नको ना? म्हटलं, माझी बहीण ह्यातली आहे. पासपोर्ट ठेवून घेतला, सगळ्यांचाच ठेवतात म्हणे. पुढच्या आठवड्यापासून वाळवंटातली साइट. रस्ता सरळ, कुत्रं नाही वाटेत.’
मंदाने हे मला मोठ्याने वाचून दाखवलं, हसत. मी पण हसले.

२२ फेब्रु.
गुरुवारी त्याचा मंदाला फोन यायचा होता, तिच्या शेजाऱ्यांकडे. आला नाही. लाइनी मिळत नाहीत, असं मीच तिला सांगितलं.

२३ फेब्रु., रवि.
दुपारी खालच्या शहाबेन धावत वर. “जल्दी चला, फॉरेनचा फोन!” चपला न घालता गेले.
रवीच. आवाज अगदी शांत, त्यानेच धसकले. गाडी उलटली, गेली पार. ह्याचा हात गळ्यात. दुसरं कोणी नव्हतं, देवाची कृपा. मंदाला सांगू नकोस म्हणाला.
“ताई, हे गाडीवाले एका कागदावर सही मागतायत. अर्धा इंग्रजी, अर्धा अरबी. केली तर पासपोर्टचं बघू म्हणतात. मी साफ सांगितलं, बहिणीला विचारल्याशिवाय नाही. बोल ना, करू की नको?”
वाचून दाखव म्हटलं. खरखर इतकी, अर्धं कळलंच नाही. कळलं असतं तरी...
विचारलं, “माझं पत्र मिळालं का रे?”
“कुठलं पत्र?”
शहाबेन शेजारी उभ्या.
“काही नाही, असंच,” म्हटलं. “ऑफिसात विचारून सांगते.”
हसला. “तुला कोणाला विचारावं लागतं?”
उद्या अकराला पुन्हा करणार आहे फोन. तोवर सही करणार नाही म्हणाला.