मान हलली नव्हती

पोलादपूर,
गुरुवार, ९ जानेवारी २०२५

चि. निशा हिस,
सप्रेम जय भीम. तुझं 'प्रेझ द लॉर्ड' पोचलं असं समजतो.

आधी तक्रार. तुला फोन लावला की एक बाई गाते. तारणारा येतोय, येतोय, असं तीनदा सांगते आणि तो येण्याच्या आत तू फोन उचलतेस. सहा महिने माझं तारण ऐन दारात अडकलंय. म्हणून हे पत्र. शिवाय याच्या मधेच 'आमेन दादा' म्हणून तुला ठेवून देता येणार नाही.

इकडे सगळे ठीक. वहिनीचे गुडघे बोलतात, मी ऐकतो.

रविवारी बिरवाडीच्या सभेत मी साक्ष द्यायची, असं तुमच्या पास्टरांनी ठरवलंय. आपल्या आईने, सुंदराबाईंनी, शेवटच्या घटकेला येशूला स्वीकारलं आणि मुलाने ते डोळ्यांनी पाहिलं, अशी. खुर्च्याही जास्त सांगितल्यात म्हणे.

आमच्या शेजारचा मुरारी तुमच्यात येतो. तुझ्या तोंडून आईची गोष्ट ऐकल्यापासून तो अंथरुणाला खिळलेल्या बापाला रोज विचारतो, स्वीकारता ना? महिपतकाका त्याला पाहिलं की डोळे मिटतात. पेजही घेईनात. परवा माझा हात धरून म्हणाले, "सुशांता, याला सांग रे. हा म्हटलं तर खोटं, नाय म्हटलं तर आग. मी मरू कसा?"

मुरारी दाराआड रडत होता. वाईट नाही गं तो. त्याला बाप जळताना दिसतो. तुलाही आई दिसत होती.

आई गेली त्या दिवशी महाडात पाणी भरलं होतं, तू बिरवाडीत अडकलेली. फोनवर ओरडत होतीस, दादा, विचार तिला, वेळ जातोय. मी फोन बाजूला ठेवला, थोडं थांबलो आणि सांगितलं, तिने मान हलवली.

निशा, मी विचारलंच नव्हतं. आई शुद्धीत होती, चमच्याने पाणी घेत होती. मरणाऱ्या बाईला मी काय विचारू, आगीत जायचंय का म्हणून? तू बाप्तिस्मा घेतलास तेव्हा मामाने तुझं नाव टाकलं. आईने दर रविवारी, तुझी सभा सुटायची वेळ धरून, सुकटीची चटणी धाडली. तिला अट घालणं कधी जमलं नाही. देव प्रेम आहे म्हणतेस, तर सुंदराबाईंएवढं त्याला जमत असेलच.

नसेल जमत, तर न विचारणारा मी आहे. आगीच्या यादीतलं तिचं नाव खोडून माझं घालायला सांग त्याला.

हे वाचून तू आईसाठी नव्याने रडशील, ठाऊक आहे. गप्प राहिलो तर म्हातारा उपाशी जातो, बोललो तर तुझी झोप जाते. जागाच उरली नाही मला. रविवारी येईन, पण साक्ष देईन ती हीच. नको असेल तर आधी कळव.

आज सकाळी मुरारीला सगळं सांगितलं.  त्याने पेजेचा वाडगा माझ्या हातात दिला आणि बापाच्या उशाशी जाऊन बसला. काही विचारलं नाही त्याने. काकांनी अर्धा वाडगा घेतला.

भाऊ म्हणालीस तरी, नाही म्हणालीस तरी, तुझाच
दादा