चौथा मणका

श्री

ठाणे, टेंभी नाका
फाल्गुन शुद्ध १०, शके १८१०

मित्र गोपीनाथास काळुरामाचा रामराम. इकडे सखुबाई, मी आणि गाय ठीक. तिकडचं कसं आहे ते विचारायला मला तोंड नाही. पत्र वाचून दाखवणाऱ्या मास्तरांना नमस्कार. मास्तर, पुढे कुठे जीभ अडखळली तरी एक ओळ गाळू नका.

कार्तिकात शीळ गावी तुझ्या गोदाच्या सासरी मी एक वाक्य बोललो. त्याचं मला एक नारळ, एक उपरणं आणि वालाच्या उसळीचं जेवण मिळालं. खरं मोल आता कळतंय. गोदाचा चार वर्षांचा संसार गेला. तुझे डोंबिवलीहून उन्हातून दोन हेलपाटे झाले आणि दोन्ही वेळा सखुबाईनं दारातच सांगितलं, की घरधनी भिवंडीला गेलेत. मी आत होतो. पहिल्या खेपेला तू पायरीवर बसून पाणी प्यालास ते ऐकलं. दुसऱ्या खेपेला तू पाणीही मागितलं नाहीस, तेही ऐकलं.

आपण दोघांनी कळव्याच्या मिठागरात मिठाच्या पाट्या वाहिल्या. तुझी पाठ धरली तेव्हा मी पहिल्यांदा मणका बसवला, तो तुझाच. पुढे मी ठाण्यात रोगी बघायला ओटी घेतली, तिशीत अक्षरं शिकलो, हाडवैद्य झालो. माझं शास्त्रही मिठागरातलंच. खाडीचं पाणी एका पाटानं आत येतं. पाटात फळी अडकली की पुढचे वाफे कोरडे. कणा म्हणजे तो पाट. वरचा मणका सरकला की अन्न पचत नाही, खालचा सरकला की कूस उजवत नाही. आठ दिवस कोठा धरलेला एक हवालदार माझ्या बोटाखालून उठला तो लोटा घेऊनच धावला. तेव्हापासून मी सांगत आलो, मामलेदार असो वा हमाल, काळुरामाचं बोट पाठीला टेकलं की पोटातलं गुपित बाहेर.

खरं सांगू? अर्धी गुपितं कानानं कळायची. ओटीवर खोळंबलेली माणसं एकमेकांना सगळं सांगतात, आणि त्यांच्या-माझ्या मधे नुसती कुडाची भिंत असते.

शिळेलाही तेच झालं. गोदाला बघायला बोलावलेला मी अंगणात हातपाय धूत होतो. तुझी विहीण आवडाबाई शेजारणीला सांगत होती, की सुनेच्या पोटात अन्न ठरत नाही, आणि चार वर्षं ओटी रिकामीच आहे. मला वाटलं, झालं निदान. वर अन्न नाही, खाली मूल नाही, पाट एकच. मग आत खोलीत गेलो. तिथं गोदा आणि सखुबाई, दोघीच. बाहेर येऊन बारा माणसांसमोर मी म्हणालो, "खालून चौथा मणका आत बसलाय. तिथून कुशीची वाट बंद आहे." आवडाबाईनं पदर डोळ्याला लावला. डोळे कोरडे होते. त्याच आठवड्यात गोदा तुझ्या दारात.

परतताना सखुबाई छकड्यात मागं तोंड करून बसली. गावाची शेवटची घरं अजून दिसत होती तेव्हा ती म्हणाली, "मी तिचं डोकं धरलं होतं. ती पाठीनं ओकत नाही. दोन महिने ती बाजूला बसलेली नाही."

मी म्हणालो, "आता शब्द गेलाय."

"बैल वळतात की," ती म्हणाली.

मी छकडा वळवला नाही. बारा माणसांनी ऐकलं होतं ना.

आता गोदाला सहावा लागलाय आणि परवा शिळेला पंच बसणार, हे माझ्याच ओटीवर कळलं. आवडाबाई म्हणते, पोटावर महिने लिहिलेले नसतात. वैद्यानं कार्तिकात कूस बंद सांगितली, मग हे मूल आमच्या घरचं कसं? माझ्या नावाच्या जोरावर ती पोरीला बदनाम करते आहे. मी तिला खोटं कसं म्हणू? ते नाव मीच गावोगाव वाढवलं.

तुमच्याकडच्या एका रोग्यानं आणखी एक सांगितलं, ते मला झोपू देत नाही. गोदा तुझ्याजवळ काही बोलायला लागली, आणि तू तिला गप्प केलंस, की काळूकाकाला खोटं पाडतेस? गोप्या, एवढा विश्वास नको होता ठेवायला. तिला पुढ्यात बसव आणि नीट ऐक.

परवा मी स्वतः शिळेला येतो. सखुबाई येतेच आहे. मला नेणारी तीच. वाटेत माझं धैर्य गेलं तर हे पत्र पंचांसमोर वाचावं, आणि निदान एवढा भाग मोठ्यानं वाचावा:

शिळेला आत खोलीत गोदा म्हणाली, "काका, आज नको, पोटात ढवळतंय." मी बरं म्हणालो आणि तसाच बाहेर आलो. तिच्या पाठीला माझं बोट लागलेलं नाही.

तुझा अपराधी,
काळुराम