बंद घरातलं पाणी

सोमवार, ३ मार्च

यांच्या ऑपरेशनसाठी शहरात निघालो. पाण्याचा मेन व्हॉल्व्ह स्वतः बंद केला – दोनदा पाहिला. वॉशिंग मशीनची नळीही काढून ठेवली. गेल्या वर्षी तीच फुटली आणि खालच्या बुकबाइंडरांच्या दुकानात पाणी उतरलं. कागदाचे गठ्ठेच्या गठ्ठे वाया गेले बिचाऱ्यांचे. माझी लगबग बघून हे म्हणाले, "ऑपरेशन माझं आहे, घराचं नाही."

मंगळवार, ४ मार्च

दिवसभर तपासण्या. यांचं जेवणावर लक्ष नाही. माझंही.

बुधवार, ५ मार्च

दुपारी बाइंडरांचा फोन. छताला ओल आलीय, थेंब पडतायत. शक्यच नाही म्हटलं, पाणी बंद करून आलेय. ते चिडले असते तर बरं वाटलं असतं. शांतपणे म्हणाले, "वहिनी, वर नळ वाहतोय. मला ऐकू येतंय."

शेजारी किल्ली ठेवली नाही – माझा मूर्खपणा. किल्लीवाल्याला बोलवा, कुलूप तोडा, काय वाटेल ते करा, म्हटलं. हे सगळं दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून. यांना कळता कामा नये. रक्तदाब चढला तर उद्याचं ऑपरेशन पुढे जाईल.

अर्ध्या तासाने पुन्हा फोन. दाराला कुलूप नाहीच. कडी आतून लावलेली!

पायरीवरच बसले.

बुधवार, संध्याकाळी

चोर नव्हता. आमची लेक. चार वर्षांपूर्वी बापाशी भांडून गेली ती फिरकली नव्हती, नंबरसुद्धा बदललेला. जुनी किल्ली होती तिच्याकडे. नळाला पाणी नाही म्हणून व्हॉल्व्ह उघडला, हातपाय धुतले आणि दमून झोपली. मशीनचा नळ मीच उघडा टाकलेला, नळी काढताना. एवढी खबरदारी घेतली आणि तीच अंगाशी आली! बाइंडरांचे दोन गठ्ठे भिजले, बाकीचे त्यांनी वेळेत हलवले. आता दोघं मिळून फरशी पुसतायत म्हणे.

मग त्यांनी फोन तिच्याकडे दिला. "आई, बाबा कुठे आहेत?"

सांगितलं. एवढंच म्हणाली – "निघते मी."

यांना सांगायला चारदा तोंड उघडलं. चारदा मिटलं.

गुरुवार, ६ मार्च

ऑपरेशन नीट झालं. आत नेताना यांनी लेकीचा हात धरला होता. नर्सला सोडवावा लागला.