पाच वर्तुळांचा तक्ता

३ जून, सोमवार
तक्ता झाला एकदाचा! एकात एक पाच वर्तुळं. मधोमध बाई, मग तिचं घर, तिचा कारखाना, तिची वस्ती, सगळ्यांत बाहेर सरकारचे नियम. आजार एकट्या बाईच्या सवयीनं होत नाही, पाचही वर्तुळं बघावी लागतात — आमच्या आरोग्य संस्थेत आम्ही हेच घोकतो. उद्या कपड्यांच्या कारखान्यात जायचंय. तिथल्या बायकांना सारखी लघवीला जळजळ, ताप. पाणीच पीत नाहीत म्हणे.

४ जून
का पीत नाहीत ते कळलं. साठ बायकांत बाथरूमचं टोकन एकच! एकीनं परत आणलं की दुसरीनं जायचं. शिवलीला म्हणून एक आहे, निपाणीकडची, शर्टांना कॉलर लावते. इथं सगळं कानडीत, माझं मराठी ऐकून खुलली. सकाळी घरून घोटभर पाणी पिऊन निघते, मग संध्याकाळपर्यंत काही नाही. तिसऱ्यांदा ताप आलाय. असा संताप आला मला!

७ जून
मॅनेजर नागराज गोड बोलले. तक्ता छान आहे अक्का, फक्त कारखान्याचं वर्तुळ काढून टाका, स्वल्प ॲडजस्ट माडी, म्हणजे थोडं सांभाळून घ्या. मी ऋचाकडे बघितलं, ती माझी वरिष्ठ. बाहेर आल्यावर म्हणाली, नाही काढलं तर आत घेणार नाहीत, मग या बायकांना कोण आहे?
बरोबरच आहे तिचं. म्हणून तर जास्त चीड येते.

१० जून
काढलं. एक गेल्यावर बाकीची अधांतरी दिसायला लागली, तीही काढली. उरली मधली बाई. खाली लिहिलं — रोज आठ ग्लास पाणी प्या, तुमचं आरोग्य तुमच्या हाती. अक्षर मात्र सुबक आलंय. शी!

११ जून
शिकवलं. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. शिवलीलानं मोठ्यानं वाचून दाखवलं. टोकनाचा विषय कुणी काढला नाही. मीही नाही.

१८ जून
शिवलीला गेटवर दिसली. ओठ सुकलेले. मी काय करू? खरंच, काय करू?

२४ जून
चाचणीत जवळजवळ सगळ्यांची उत्तरं बरोबर. ऋचानं पेढे आणले. मी खाल्ला.

२ जुलै
शिवलीला दवाखान्यात. किडनीपर्यंत गेलंय. मला बघून उठायला लागली, मी परत निजवलं. माझा हात धरून म्हणाली, "अक्का, रागावू नका. तुम्ही एवढं शिकवलंत, मीच पाणी प्यायले नाही. चूक माझीच."