दोन खापरांवरची नावं

तेब्तुनिस, फाओफी महिना, तारीख बारा

प्रिय ताई,

मगरमुखी सोबेकदेवासमोर रोज तुझ्यासाठी आणि तुझ्या थाएसिससाठी हात जोडतो. इथे सगळं ठीक आहे. पूर ओसरतोय, कांदे लावायला माणसं मिळत नाहीत, आणि देवळातलं पाणघड्याळ अजून माझ्याच हाती आहे.

तुझं पत्र पोचलं. थाएसिसला पलीकडच्या काठावरचं स्थळ आलंय, मुलगा तिलाही आवडलाय, आणि तू विचारतेस, "तिला बुडून मरण आहे म्हणालास, त्यावर काही उतारा नाही का रे?" एकोणीस वर्षं पोरगी कालव्याकडे फिरकली नाही. मागे गाढवावरून लांबच्या वाटेने इथे आली, तेव्हा मला म्हणाली, "मामा, आंघोळ घड्यातल्या पाण्याने चालेल ना, की तीही वाळूनेच करू?" मी हसलो होतो.

ताई, ते भाकीत चुकलं होतं. ती आणि माझा मुलगा मार्रेस एकाच दिवशी जन्मले. तो सकाळी, ती उन्हं कलताना. घड्याळाच्या आत प्रत्येक महिन्याच्या खुणा वेगळ्या असतात. मी भलत्याच महिन्याची ओळ वाचली.

लिहून टाकलं खरं, पण तसं झालं नव्हतं. तेव्हाही मी दहा वर्षं तास मोजत आलो होतो, ओळ चुकेन कसा? आम्ही आधी वेळ बघतो, मग ग्रह मांडतो, भाकीत खापराच्या तुकड्यावर लिहितो आणि त्यावर नाव सगळ्यात शेवटी घालतो. दोन्ही खापरं पुढ्यात होती. बुडून मरण मार्रेसच्या खापरावर होतं. मी घाबरलो, आणि त्यावर थाएसिसचं नाव घातलं, तिच्या खापरावर मार्रेसचं. ग्रहांनाही नाव वाचूनच कळत असेल, असं मला वाटलं.

मग त्याच भरवशावर, तो मोठा झाल्यावर मीच त्याला नावेवर कामाला धाडलं. गेल्या महिन्यात काय झालं, ते तुला ठाऊक आहे. नदीत बुडालेला देवाचा होतो, म्हणून लोक आता माझ्या पाया पडतात. त्याची आई एवढंच म्हणते, "तुम्ही तर म्हणाला होतात, नदी त्याला जपेल." घड्याळ रिकामं करून पालथं घातलं तरी मला टपटप ऐकू येतं, भर दुपारीसुद्धा. मागे वळून बघायची हिंमत होत नाही.

थाएसिसला नावेत बसव. तिच्या खापरावर नातवंडं होती, पाणी नव्हतं. तिला सगळं सांग, आणि मला काय म्हणायचं ते म्हणू दे. तुझ्या लेकीची एकोणीस वर्षं मी माझ्या लेकासाठी चोरली, ती त्यालाही पुरली नाहीत.

भाऊ म्हणून सही करायचा हक्क उरला नाही, म्हणून नुसतं नाव लिहितो.

हर्मिऊसिस