एप्रन कुणी हलवला

२ ऑक्टोबर १९४३
कॅनडातली ही कैद्यांची छावणी म्हणजे निव्वळ चंगळ आहे. पांढरा पाव, लोणी, खरी कॉफी. पाणबुडीत सहा आठवडे बुरसटलेला पाव खाल्ल्यावर हे ताट बघून डोळ्यांत पाणीच आलं. मी बोटीवरचा स्वयंपाकी, त्यामुळे इथेही लगेच भटारखान्यात लागलो. आधीचे कैदीही आमचेच, जर्मन पाणबुडीवाले. त्यांचा म्होरक्या हार्टविग पाठीवर थाप मारून म्हणाला, खा, झोपा, मजा करा. बेन्केला माझ्या शेजारची खाट मिळाली. बोटीत आम्हा दोघांत एकच होती. तो पहाऱ्यावर गेला की मी त्याच्या उबेत शिरायचो. आता स्वतःची खाट आहे, तर मेल्याला झोप येत नाही म्हणे.

९ ऑक्टोबर
हार्टविगने गोडीत विचारलं, बोट बुडवायची सोडून शत्रूच्या हाती कशी काय दिलीत? मी सांगितलं, बॅटऱ्यांतून विषारी वायू सुटला होता, डोक्यावर विमान घिरट्या घालत होतं, कप्तानच म्हणाला, पांढरं काहीतरी दाखवा. मग दाखवलं कुणी, म्हणाला. मी म्हटलं, गडबडीत दिसलं नाही.
एप्रन माझा होता, हलवणारा हातही माझाच. इतकं कळकट फडकं, वैमानिकाला पांढरं वाटलं हेच नवल. कप्तानाला अधिकाऱ्यांच्या छावणीत नेलंय. माझ्याजवळ तेव्हा उभा होता तो फक्त बेन्के.

१४ ऑक्टोबर
इथे कैद्यांचं स्वतःचं न्यायालय आहे. भटारखान्यात कांदे सोलणारा कूनर्ट सांगत होता, वसंतात एकाला फितूर ठरवलं आणि तो न्हाणीघरात लटकलेला सापडला. पहारेकऱ्यांनी आत्महत्या म्हणून लिहून टाकलं. दोर ओढायचा तो त्याच्याच बोटीतल्या माणसाने, असा इथला रिवाज. मी विचारलं, त्याने नाही म्हटलं तर? कूनर्ट कांदे सोलत राहिला.

१६ ऑक्टोबर
बोलावणं आलं. हार्टविग म्हणाला, एप्रन तुझाच ना रे? एप्रन माझा, म्हटलं, पण हलवला बेन्केने.
हे मी बोललो. माझ्याच तोंडाने. लाज वाटते मला.

१७ ऑक्टोबर, सकाळ
बेन्केने नाश्त्याला स्वतःच्या वाटणीचं लोणी माझ्या पावावर फासलं. बिचाऱ्याला काही ठाऊक नाही.
हार्टविगचा निरोप – दुपारी फुटबॉलचा सामना, पहारेकरी तिकडे असतील, तेव्हा न्हाणीघरात ये. म्हणजे दोर मी ओढायचा – बेन्केचा –
पहारेकऱ्याला सांगावं तर हार्टविगचे दोघेजण सकाळपासून माझ्या मागावर आहेत.

दुपार
मैदानात आरडाओरडा चाललाय. त्या दोघांची नजर चुकवून मी पिठाच्या कोठीत दडलोय.
नाही ओढणार. बाहेर जातो, सांगतो, हलवणारा मीच – आता उठतो – एवढं लिहून होऊ दे –
पावलं. दार ढकलतायत.
बेन्के आलाय. मागे हार्टविग. दोर बेन्केच्या हातात. डोळे रडून सुजलेत त्याचे. म्हणतो, माफ कर, मला तुझ्या आधीच विचारलं होतं, मी खरं काय ते –